ग्रुंट्झिग यांचा फुगा आणि मागे पडलेला आकडा

अँजिओग्राफी झाली की घरात पहिला प्रश्न येतो तो टक्क्यांचा. ब्लॉकेज किती निघालं, सत्तर की नव्वद? गावाकडच्या नातेवाइकांना फोनवर कळवायलाही टक्केच सोपे पडतात. मात्र हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा नेऊन ब्लॉकेज उघडणारे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग टक्क्यांबरोबर आणखी एक आकडा न चुकता लिहून ठेवत. अरुंद जागेच्या अलीकडे रक्ताचा दाब किती आणि पलीकडे किती, या दोहोंतला तो फरक. त्यांच्या पश्चात हा आकडा बरीच वर्षं मागे पडला. अलीकडे तो संगणकाच्या वाटेने परत आला आहे आणि कोणाच्या छातीत स्टेंट बसवायचा, कोणाला गोळ्यांवर ठेवायचं, हे ठरवू लागला आहे. म्हणून ग्रुंट्झिग यांची गोष्ट फक्त इतिहास म्हणून वाचण्यासारखी नाही.

त्यांचा जन्म २५ जून १९३९ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातला. दुसरं महायुद्ध दोन महिन्यांवर आलं होतं. वडील शाळेत विज्ञान शिकवत. युद्धावर गेले ते परतलेच नाहीत. आईने दोन मुलांना एकटीने वाढवलं. १९५० मध्ये हे कुटुंब अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्सला गेलं, पण आईचं मन तिथे रमलं नाही. दोन वर्षांनी सगळे परतले ते पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये. तिथे शालेय शिक्षण उत्तम गुणांनी पुरं करून, बर्लिनची भिंत उभी राहण्याआधीच, तरुण आंद्रेआसने पश्चिम जर्मनी गाठली. हायडेलबर्ग विद्यापीठातून १९६४ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे काही काळ त्यांनी साथरोगशास्त्राचंही शिक्षण घेतलं. लोकसंख्येच्या पातळीवर आजार मोजणारं हे शास्त्र आणि रक्तवाहिनीत नळी घालण्याचं कसब यांचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची, फसलेले प्रयत्नही मोजायचे, ही सवय त्यांच्यात शेवटपर्यंत दिसते.

त्याच १९६४ साली अमेरिकेत, पोर्टलंडमध्ये, चार्ल्स डॉटर नावाच्या क्ष-किरणतज्ज्ञाने एक धाडस केलं होतं. ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाला गँगरीन झालं होतं आणि पाय कापायला त्या तयार नव्हत्या. डॉटर यांनी मांडीच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून आधी बारीक नळी सरकवली, मग तिच्यावरून तिच्याहून जाड नळी. वाट रुंदावली आणि पाय वाचला. अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी या उद्योगाची टिंगल केली. युरोपात मात्र काही जणांनी ती पद्धत उचलली आणि जर्मनीतले एबरहार्ट त्साइटलर त्यांतले प्रमुख. ग्रुंट्झिग यांनी ही पद्धत त्यांच्याकडून शिकून घेतली. १९६९ पासून ते स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात काम करत होते.

डॉटर यांच्या पद्धतीत एक अडचण होती. आत वाट जितकी रुंद करायची, तितकीच जाड नळी जांघेतून आत घालावी लागे. म्हणजे भोकही तेवढंच मोठं. पायाच्या रक्तवाहिनीत ते एक वेळ निभावून जाई, पण हृदयाच्या तीन मिलिमीटरच्या नाजूक, वळणावळणाच्या वाहिनीत ते शक्यच नव्हतं. तिथे जाताना बारीक असेल आणि पोचल्यावर फुगेल असं काहीतरी हवं होतं.

फुग्याची कल्पना इतरांनाही सुचली होती. पण रबराचा फुगा जिथे विरोध कमी तिथेच फुगतो. अरुंद, टणक जागी तो दबून राहतो आणि दोन्ही बाजूंच्या निरोगी भागात टम्म होतो, डमरूसारखा. ब्लॉकेज जिथल्या तिथे आणि शेजारची चांगली भिंत मात्र ताणलेली, अशी गत. ठरलेल्या आकारापर्यंत फुगून तिथेच थांबणारा, कितीही दाब दिला तरी त्यापुढे न वाढणारा फुगा हवा होता. झुरिकमधले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक हाइनरिख हॉप्फ यांनी त्यांचं लक्ष पीव्हीसीकडे वळवलं. होय, आपल्याकडे नळाच्या पाइपात असतं तेच पीव्हीसी. रुग्णालयातलं काम संपलं की घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ग्रुंट्झिग, त्यांची पत्नी मिखाएला, सहायक मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा बसत. पीव्हीसीच्या बारीक नळीचा तुकडा तापवायचा, हवा भरून फुगवायचा, कॅथेटरवर बांधायचा, चिकटवायचा आणि फुटेपर्यंत तपासायचा. असे किती फुगे त्या टेबलावर फुटले, त्याची गणती नाही. दोन वर्षं हे चाललं. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी असा फुगा पहिल्यांदा रुग्णाच्या पायाच्या रक्तवाहिनीत वापरला गेला.

पुढच्याच वर्षी त्यांनी कॅथेटरमध्ये एकाऐवजी दोन पोकळ्या ठेवल्या. एकीतून फुगा फुगवायचा. दुसरी थेट टोकाशी उघडी. तिच्यातून क्ष-किरणात दिसणारं द्रव्य सोडता येई आणि तिथला रक्तदाबही मोजता येई. फुगा सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण या दुसऱ्या पोकळीचं महत्त्व कमी नाही. कसं, ते समजायला थोडं भौतिकशास्त्र लागेल.

फ्रान्समधले डॉक्टर जाँ प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं केली होती. त्यांना आढळलं की दाब तोच ठेवला तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. नळी निम्म्याने अरुंद झाली तर प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट किंवा चौपट होत नाही, १६ पट होतो. मग रक्तवाहिनी ५० टक्के अरुंद झालेली माणसं निवांत चालत-फिरत कशी असतात? कारण ब्लॉकेजची लांबी थोडी असते आणि पलीकडच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होऊन ती तूट भरून काढतात. पण ही शिलकीतून केलेली उसनवारी असते. जिना चढताना, धावताना हृदयाला चौपट रक्त लागतं, तेव्हा शिल्लक आधीच संपलेली असते आणि छातीत कळ येते. अमेरिकेतले के. लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की रक्तवाहिनीचा व्यास सुमारे ८५ टक्के आवळला जाईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह घटत नाही, पण सर्वाधिक गरजेच्या वेळचा प्रवाह त्याच्या कितीतरी आधीपासून घसरू लागतो.

म्हणजे चित्रात अरुंद दिसणारी प्रत्येक जागा रक्त अडवतेच असं नाही. ती किती अडवते, हे दाब सांगतो. अडथळा खरा असेल तर अलीकडे दाब भरपूर आणि पलीकडे पडलेला. ग्रुंट्झिग यांचं कॅथेटर अरुंद जागेतून पलीकडे गेलं की पडद्यावरची दाबाची रेघ खाली येई. फुगा फुगवून सोडल्यावर ती वर चढली, तर काम झालं. चित्र बघून समाधान मानण्यापेक्षा ही कसोटी कडक होती.

कुत्र्यांवरचे प्रयोग १९७५ मध्ये सुरू झाले. त्यांचं पोस्टर घेऊन ते १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये मायामीला, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या संमेलनात गेले. बहुतेकांनी पोस्टर पाहून पुढची वाट धरली. अटलांटातल्या एमरी विद्यापीठाचे स्पेन्सर किंग यांनाही हे काही चालायचं नाही असंच वाटलं. चारच वर्षांनी याच किंग यांच्या विभागात ग्रुंट्झिग रुजू होणार होते. सॅन फ्रान्सिस्कोचे रिचर्ड मायलर यांना मात्र कल्पना पटली. १९७७ च्या मे महिन्यात त्या दोघांनी बायपास शस्त्रक्रिया चालू असताना, उघड्या छातीतल्या रक्तवाहिनीत फुगा फुगवून पाहिला. फुगवल्यावर चरबीचे कण सुटून पुढे वाहत जातील का, हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न होता. पलीकडून येणारं रक्त गाळून पाहिलं, त्यात असे कण सापडले नाहीत.

१६ सप्टेंबर १९७७, शुक्रवार. झुरिकच्या रुग्णालयात चाळिशीही न गाठलेला एक विमा विक्रेता दाखल होता. हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी मुख्य रक्तवाहिनी, जिला आपण एलएडी म्हणतो, तिच्यात वरच्या टोकाला, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचं, पण चांगलंच घट्ट ब्लॉकेज होतं. बायपासला पर्याय म्हणून हा नवा उपाय सुचवला गेला तेव्हा तो चटकन तयार झाला. हृदयशल्यविभागाचे प्रमुख आके सेनिंग यांनी आपलं पथक आणि शस्त्रक्रियागृह सज्ज ठेवलं होतं. जगात पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसवणारे सेनिंग ते हेच. ज्या उपचारामुळे आपलंच काम कमी होऊ शकतं, त्यामागे एखादा सर्जन असा उभा राहतो, ही बाब पहिल्या अँजिओप्लास्टीच्या वर्णनांत फार थोडक्यात उरकली जाते. रुग्ण पूर्ण जागा होता. फुगा दोनदा फुगवला. फुगा फुगलेला असताना त्या वाहिनीतलं रक्त पूर्ण थांबतं, त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडतील अशी धास्ती होती. तसं काही झालं नाही. पलीकडचा दाब वर आला आणि छातीतली कळ थांबली. पुढे दहा वर्षांनी तपासलं तेव्हाही ती वाहिनी उघडी होती. हा रुग्ण तीस वर्षांहून अधिक काळ जगला.

१९७८ च्या फेब्रुवारीत पहिल्या पाच रुग्णांची हकिगत लॅन्सेट या नियतकालिकात आली. १९७९ मध्ये पन्नास रुग्णांची सविस्तर नोंद न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली आणि ती आजही वाचावी अशी आहे. पन्नासपैकी ३२ जणांत यश आलं. या ३२ जणांचं ब्लॉकेज सरासरी ८४ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आलं आणि दाबातला फरक सरासरी ५८ वरून १९ मिमी पाऱ्यावर उतरला. पाच जणांना तातडीने बायपास करावी लागली. तिघांच्या ईसीजीत हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याच्या खुणा आढळल्या. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहिलं आणि वर हेही नोंदवलं की बायपासची गरज असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम १० ते १५ टक्क्यांनाच हा उपाय लागू पडेल. स्वतःच्या शोधाची कक्षा इतकी आखडून सांगणं सोपं नसतं.

गर्दी वाढली तशी भीतीही वाढली. न शिकताच लोक फुगे फुगवू लागले तर? १९७८ पासून ग्रुंट्झिग यांनी झुरिकमध्ये वर्ग घेतले. कॅथेटरच्या खोलीत ते रुग्णावर उपचार करत आणि शेजारच्या सभागृहात जगभरातून आलेले डॉक्टर ते टीव्हीच्या पडद्यावर पाहत. फसलं तर सगळ्यांसमोर फसणार होतं. आज हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदांमध्ये थेट प्रक्षेपण हा नेहमीचा भाग आहे, त्याचं मूळ इथे आहे. प्रत्येक रुग्णाची नोंद एका जागी जमा व्हावी यासाठीही त्यांनी आग्रह धरला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेने तशी नोंदवही सुरू केली.

झुरिकमध्ये खाटा आणि वेळ दोन्ही अपुरे पडत होते. १९८० मध्ये ते अटलांटाला एमरी विद्यापीठात गेले. तिथे त्यांना हवी ती साधनं, माणसं आणि प्रसिद्धी मिळाली. वेगाची आवडही तिथेच बहरली. स्वतःचं विमान घेतलं, ते स्वतः चालवू लागले. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी, खराब हवामानात, जॉर्जियाच्या किनाऱ्याकडून अटलांटाला परतताना ते विमान फोर्सिथ गावाजवळ कोसळलं. ग्रुंट्झिग आणि त्यांची दुसरी पत्नी मार्गारेट ॲन, दोघंही गेले. वय ४६. त्याच वर्षी डॉटरही गेले होते आणि करोनरी अँजिओग्राफीचे जनक मेसन सोन्सही. पहिला करोनरी स्टेंट त्यानंतर काही महिन्यांनी, १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूजला बसवला गेला. ग्रुंट्झिग यांना तो पाहायला मिळाला नाही.

आता तो मागे पडलेला आकडा. त्यांच्या मोजणीत एक गोम होती. दाब मोजणारी नळी त्याच अरुंद जागेत बसलेली असे, त्यामुळे ती स्वतःच वाट अडवत असे. दीड मिलिमीटरच्या वाटेत एक मिलिमीटर जाडीची नळी अगदी मधोमध आहे असं धरा. संथ प्रवाहाच्या साध्या सूत्राने हिशेब केला तर तेवढ्या भागातला अडथळा वीसपटीहून जास्त वाढतो. म्हणजे मोजलेल्या फरकात ब्लॉकेजचा वाटा किती आणि कॅथेटरचा किती, हे कळायचं कसं? ग्रुंट्झिग एकाच कॅथेटरने आधी आणि नंतर मोजत, त्यामुळे तुलनेपुरता तो आकडा उपयोगाचा होता. पुढे कॅथेटर बारीक होत गेले, ते बारीक तारेवरून सरकू लागले. आत दाब मोजण्यापुरती पोकळीच उरली नाही. क्ष-किरणांची चित्रं मात्र सुधारत गेली आणि डोळ्यांना जे दिसतं त्यावर सगळी भिस्त बसली.

हा गुंता सोडवायला अभियंते पुढे आले, तेही अनपेक्षित ठिकाणाहून. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे, जिथे अंतराळयानं घडतात. तिथले प्रवाहशास्त्राचे जाणकार लॉइड बॅक यांनी १९९० च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर हृदयाच्या अरुंद वाहिनीतल्या प्रवाहाचे हिशेब मांडले, एकदा वाहिनी मोकळी धरून आणि एकदा आत कॅथेटर आहे असं धरून. रक्त पाण्यासारखं सरळ वागत नाही, ते दाट असतं. हृदयाच्या ठोक्यागणिक त्याचा वेग बदलतो. अरुंद जागेतून ते झोताने बाहेर पडतं, भिंतीपासून सुटतं, मागे भोवरे धरतं. यातलं बरंचसं कागदावर सुटत नाही. संगणकात वाहिनीच्या पोकळीचे हजारो बारीक तुकडे करून, प्रत्येक तुकड्यात किती रक्त येतं, किती जातं आणि कोणत्या दाबाने, हे क्षणाक्षणाला सोडवावं लागतं. अशा हिशेबांतून उपचाराच्या वेळी आत असलेलं उपकरण दाबाचा आकडा किती फुगवतं, हे नेमकं कळू लागलं.

त्याच सुमारास टोकाशी दाबमापक असलेली, ०.३६ मिलिमीटर जाडीची तार आली. नेदरलँड्सचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड डी ब्रुयना यांनी तिच्या आधारे एफएफआर हे मोजमाप रूढ केलं. औषध देऊन पलीकडच्या सूक्ष्म वाहिन्या पूर्ण सैल करायच्या आणि मग पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबाने भागायचं. उत्तर १ आलं तर अडथळा नाही. ०.८० किंवा त्याखाली आलं तर ब्लॉकेज खरोखर रक्त अडवतंय. २००९ मध्ये फेम नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात एकाहून अधिक वाहिन्यांत ब्लॉकेज असलेले १००५ रुग्ण होते. एका गटात चित्र पाहून स्टेंट बसवले, दुसऱ्यात दाब मोजून. चित्रात उपचारायोग्य वाटलेली एक तृतीयांशाहून अधिक ब्लॉकेजेस दाबाच्या कसोटीवर निरुपद्रवी ठरली आणि तिथे स्टेंट बसवलाच नाही. वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा उपचाराची वेळ येण्याचं प्रमाण पहिल्या गटात १८.३ टक्के होतं, दुसऱ्यात १३.२ टक्के. स्टेंट कमी लागले आणि रुग्णांचं हितही जास्त झालं.

आता पुढची पायरी. तारही आत न घालता, फक्त हृदयाच्या सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या रक्तवाहिन्यांची त्रिमिती प्रतिकृती संगणकात उभारायची, हृदयाच्या स्नायूच्या वजनावरून त्याला किती रक्त लागत असेल याचा अंदाज बांधायचा आणि प्रवाहाची समीकरणं सोडवून प्रत्येक ठिकाणचा दाब काढायचा. अमेरिकेच्या एफडीएने या पद्धतीला २०१४ मध्ये परवानगी दिली. प्रतिकृतीत अरुंद जागा रुंद करून, स्टेंट बसवला तर दाब किती सुधारेल, हेही आधी पाहता येतं. अर्थात हे सगळं घाई नसलेल्या रुग्णासाठी. झटका चालू असताना वाहिनी पूर्ण बंद झालेली असते. तिथे हिशेब करत बसायचं नसतं, लवकरात लवकर वाहिनी उघडायची असते.

संगणकाच्याही मर्यादा आहेत. भिंतीत कॅल्शियम भरपूर साचलं असेल तर सीटीत ते पसरून दिसतं आणि वाट आहे त्याहून अरुंद भासते. ठोके जलद असतील तर चित्र पुसट येतं. पलीकडच्या सूक्ष्म वाहिन्या किती सैल होतील, हे संगणकाला गृहीतच धरावं लागतं आणि जुना मधुमेह असलेल्या माणसात ते गृहीतक चुकू शकतं. त्यामुळे आकडा ०.८० च्या अल्याड-पल्याड घुटमळत असेल, तर रुग्णाला कॅथेटरच्या खोलीत नेऊन, तार ब्लॉकेजच्या पलीकडे घालून, दाब प्रत्यक्ष मोजला जातो.